पृथ्वीची कंबर अडतीस

जबाब देणार: 'इंची मास्तर' म्हणून ओळखला जाणारा, वय ६२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार शाळेच्या फाटकासमोर, दुकानाच्या वरच्या खोल्या.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी राहतो. समोरच्या शाळेचे गणवेश चौतीस वर्षे मीच शिवतो. मुलगी परदेशी असून पुढच्या आठवड्यात तिला पहिले बाळ होणार आहे. तिने आईला आजचे तिकीट पाठवले होते. विमान सकाळी साडेसहाचे, अंतर बारा हजार सहाशे किलोमीटर, वेळ सव्वाचौदा तास.

पत्नी जाण्यास तयार नव्हती. दुकानातल्या नकाशावर तिने अंतर मोजले ते चार विती भरले, तेही भर समुद्रावरून. "अहो, एवढ्या पाण्यावरून मी नाही जायची. बाळ फोनवर बघेन," असे म्हणून तिने भरलेली बॅग रिकामी केली. मग त्या बॅगेकडेच बघत बसायची. मला ते बघवेना.

शनिवारी मुलांची मापे घेण्यासाठी शाळेने मला भूगोलाची खोली दिली. तेथे पृथ्वीचा गोल होता. मी जन्मभर माप अंगावर घेतले, कागदावरून कधी नाही. म्हणून गोलाला टेप लावली. कंबर अडतीस इंच भरली. माझीही तेवढीच आहे. आमचे शहर ते मुलीचे शहर बारा इंच, आणि वाट वरच्या अंगाने, बर्फावरून. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून गोल कपड्यांच्या गठ्ठ्यात बांधून घरी नेला. कोणाला विचारले नाही, ही चूक कबूल आहे.

पत्नीने तीन वेळा टेप लावून पाहिली आणि शिवणाच्या खडूने रेघ ओढली. "बर्फच आहे ना, मग स्वेटर घालून जाते," एवढेच म्हणाली व बॅग भरायला घेतली. मला फार आनंद झाला. सोमवारी गोल परत करणार होतो, पण ती देईना. काजे करता करता मध्येच रेघेवरून बोट फिरवायची.

आज पहाटे तिला विमानतळावर सोडले. परत येऊन दुकान उघडले, तोच मुख्याध्यापिका हवालदारांना घेऊन आल्या. गोल काउंटरवरच होता. "मास्तर, काखेत कळसा नि गावाला वळसा. दोन दिवस सगळी शाळा पालथी घातली आम्ही," असे बाई म्हणाल्या व हसल्या. त्यांची आता तक्रार नाही.

गोल ठाण्यात जमा केला आहे. रेघ ओल्या फडक्याने निघते, ती मी स्वतः पुसून देईन. मात्र रात्री पावणेनऊला विमान उतरेपर्यंत कोणी पुसू नये, ही विनंती.

लिहिलेले मला वाचून दाखवले, मी सांगितले तेच आहे. वाचून झाले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. एका इंचाला एक तास अकरा मिनिटे लागतात, त्या हिशेबाने पत्नी आता पाच इंचांवर आहे. हवालदारांनी टेप लावून खात्री केली. बरोबर आहे.