हॉलरॉइडच्या गाळ्यावरचा काटा

(उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं एक गाव, सन २००१. छपराच्या बाजारातला भाजीचा गाळा. सुटा माल रत्तलाने (पाउंडाने) नव्हे, किलोनेच तोलायचा असा कायदा नुकताच आला आहे. म्हातारा विल्फ्रेड हॉलरॉइड, त्याची मुलगी लॉर्ना आणि जुनं गिऱ्हाईक मिसेस क्लेग.)

विल्फ्रेड : हे डबडं कोणी ठेवलं इथे?

लॉर्ना : मी. डबडं नाही, काटा आहे.

विल्फ्रेड : किलोचा.

लॉर्ना : हो, किलोचा.

विल्फ्रेड : आणि माझा रत्तलाचा?

लॉर्ना : कोबीच्या खोक्यामागे. वजनमापवाल्याने त्यावरचा शिक्का खरवडून काढलाय, विसरलात वाटतं. आता त्यावर तोलणं म्हणजे गुन्हा.

विल्फ्रेड : लढाईच्या दिवसांत माझ्या बापाने त्याच काट्यावर अख्खं गाव जगवलं. औंसभर कमी दिलं नाही कुणाला. आणि हे टायवाले मला तोलायला शिकवणार? आत्ता टाउन हॉलच्या पायऱ्यांवर दोनशे माणसं माझ्या बाजूने ओरडत होती.

लॉर्ना : ओरडणं इथवर आलं. माणसं नाही आली. तुमच्याशी हात मिळवले, फोटो काढले आणि गाड्यांत बसून गेली सुपरमार्केटला. तिथले बटाटे किलोचेच असतात, बाबा. तिथे कुणी पायऱ्या चढत नाही.

विल्फ्रेड : प्रश्न तत्त्वाचा आहे.

लॉर्ना : तत्त्व टिकतं. फ्लॉवर संध्याकाळी पिवळा पडतो. तुमचं भाषण चाललं होतं ना, तेव्हा बाजार समितीने या गाळ्यावरचं तुमचं नाव काढलं. चिटणीस स्वतः येऊन सांगून गेले. म्हणाले, किलोने विकीन एवढं लिहून द्या म्हणून किती विनवलं, तुमचे वडील आम्हाला हिटलर म्हणाले.

विल्फ्रेड : पुन्हा म्हणेन. माझ्या जागेवर कोण बसतो बघतोच.

लॉर्ना : मोबाइलची कव्हरं विकणारा बसत होता. गाळा मोजूनही गेला. फुटांत मोजला, तेवढंच तुमचं समाधान.

विल्फ्रेड : बसत होता म्हणजे?

लॉर्ना : नाव निघालं की त्या दिवशी बाजार बंद व्हायच्या घंटेपर्यंत गाळ्यावर घरच्यांचा हक्क. आजोबा गेले तेव्हा तुम्ही असेच बसलात. मी जाऊन सही केली.

विल्फ्रेड : कशावर?

लॉर्ना : गाळा माझ्या नावावर. आणि किलोवरही.

विल्फ्रेड : पोटची पोर. पाठीत खंजीर खुपसलास.

लॉर्ना : पाठ होती कुठे तुमची इथे? सहा महिने सभा गाजवताय. माल मी आणते, कुजका मी निवडते. शेजारचे दोन्ही गाळे उठले. हा गेला असता तर मी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसून त्यांची केळी सरकवायची? तुमचा रत्तल वाचला असता. माझं काय?

मिसेस क्लेग : विल्फ, भाषण ऐकलं रे. झकास. लॉर्ना, दोन रत्तल गाजरं घाल, नि अर्धा रत्तल मश्रूम.

विल्फ्रेड : मिसेस क्लेग, ती किलोच्या काट्यावर तोलतेय. डोळे उघडून बघा.

मिसेस क्लेग : गुरुवारी त्यावरच तोलते की. तू सभेला असतोस तेव्हा.

विल्फ्रेड : आणि तुम्ही घेता?

मिसेस क्लेग : मी रत्तलच मागते, ती देते. घरी जाऊन गाजरांना काय विचारू, तुम्हाला कशात तोललं म्हणून? येते गं.

विल्फ्रेड : दर गुरुवारी. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लॉर्ना : गावाला भाजी हवी होती.

विल्फ्रेड : माझ्या नावाने टाळ्या वाजवायच्या, आणि माझ्याच गाळ्यावर हे. थू.

लॉर्ना : थुंका. पण खोक्यांवर नको.

विल्फ्रेड : आता मी कोण इथे? गिऱ्हाईक?

लॉर्ना : हाताखाली माणूस लागणारच आहे मला.

विल्फ्रेड : त्या डबड्याला हात लावणार नाही. मेलो तरी नाही.

लॉर्ना : नका लावू. तोलेन मी. तुम्ही खोकी उचला आणि आरोळी द्या. आरोळी रत्तलाने दिली तर कुणी पकडत नाही.

विल्फ्रेड : आरोळीपुरता उरलो तर.

लॉर्ना : या बाजारात तुमच्याएवढा आवाज आहे कुणाचा? मला तर जमत नाही.

विल्फ्रेड : नाहीच जमत. मांजर दारात अडकल्यासारखी ओरडतेस. ... माल आणायला व्हॅन किती वाजता काढतेस?

लॉर्ना : पहाटे साडेतीनला. उशीर केलात तर थांबणार नाही.