कॅरमच्या खोलीतलं कोर्ट

मंडळी, मी उभा राहिलोय खरा, पण माझा आवाज आज लागेल असं वाटत नाही. हसू नका. माझा आवाज आणि लागत नाही, हे चाळीत कुणाला खरं वाटणार नाही, ठाऊक आहे मला. पण गेल्या आठवड्यात, मंगळवारी, सुमतीबाईंना पोहोचवून स्मशानातून परत आलो तेव्हापासून तो बसलाय. बोलल्याशिवाय सुटणार नाही, असं दत्तूकाका म्हणाले. म्हणून बोलतो.

तुम्ही सगळे आलात. चाळीतल्या पुढच्या ओळीतल्या खोल्यांमधले आम्ही कोकणातले, मागच्या ओळीतली बौद्ध मंडळी, चेंबूरहून आलेले, दहिसरहून आलेले. तिकडे खुर्च्यांवर काळे कोट घालून वकील मंडळी बसलीत. वकीलसाहेब, तुम्ही आमच्या सुमतीबाईंना कोर्टात बघितलंत. आम्ही त्यांना आमच्या कॅरमच्या खोलीत बघितलं. मी त्या खोलीबद्दल बोलणार आहे.

मी कोण? मी प्रकाश. चाळीत पक्या. कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, दोन ठिकाणी नोकरी धरून साहेबाशी भांडून घरी आलेला. बाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी मालकाच्या मुकादमाची कॉलर धरून उभा होतो. बाई छत्री बंद करत म्हणाल्या, "सोड त्याला. त्याला मारलंस तर मला तुझी केस आधी लढावी लागेल, चाळीची नंतर." आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "एवढा राग फुकट घालवू नकोस रे. मला दे. मी कामाला लावते."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. मंडळी, त्यांनी खरंच कामाला लावला.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षी आपल्या मालकाला ही चाळ पाडून इथे बिल्डिंग उठवायची होती. गिरण्यांच्या संपानंतर निम्मी चाळ घरी बसलेली. त्याला वाटलं, ही माणसं आता काय लढणार? मागची भिंत कोसळली. मालकाने दावा लावला, की चाळ मोडकळीस आलीय, भिंत पावसाने आपोआप पडली, भाडेकरूंना बाहेर काढा. आणि खरं काय होतं? भर दुपारी, पुरुषमाणसं कामाच्या शोधात बाहेर असताना, त्याच्या माणसांनी घण घालून ती पाडली होती. सगळा खटला एवढ्याच गोष्टीवर. भिंत पडली, की पाडली?

बघणारे दोन जण होते. एक आमचे भिकूतात्या, गिरणी बंद म्हणून ओट्यावर बसलेले. दुसरी मागच्या ओळीतल्या खोलीतली सुनंदा, परीक्षा म्हणून घरी अभ्यास करत बसलेली. दोघांनी डोळ्यांनी बघितलेलं. आता मला सांगा, खरं बघितलेला माणूस कोर्टात घाबरेल का?

घाबरतो. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कायदा गरिबाच्या बाजूने असून काय उपयोग? पिंजऱ्यात उभं राहिल्यावर गरिबाची जीभ टाळूला चिकटते. वकील मी फुकट देईन. जीभ कुठून देऊ?"

आता दत्तूकाका, खाली बघू नका. तुमच्यावरच येतोय.

आपली चाळ म्हणजे नाटकवाली चाळ. गणपतीत नाटक झालं नाही तर आपल्याला गणपती आल्यासारखं वाटत नाही. तात्या नट आणि दत्तूकाका प्रॉम्प्टर. गेली कित्येक वर्षं. तर तात्यांची साक्ष आहे म्हटल्यावर आपल्या मंडळाने काय केलं? बाईंना न विचारता तात्यांची साक्ष लिहून काढली! संवादासारखी. आधी हा प्रश्न, मग हे उत्तर. तात्यांनी ती पाठ केली. नुसती पाठ नाही, हातवाऱ्यांसकट. आम्ही सगळे खूश. झकास साक्ष होणार म्हणून वांद्र्याच्या कोर्टात अख्खी चाळ गेली.

तात्या पिंजऱ्यात उभे राहिले. ऐटीत. मालकाच्या वकिलाने विचारलं, "तुमचं वय काय?"

हा प्रश्न लिहिलेलाच नव्हता. तात्यांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "त्यांच्या हातात घण होते आणि ते चौघे होते!"

कोर्ट हसलं. तात्या गोंधळले. वकिलाने दुसरं काहीतरी विचारलं, तात्यांनी पुढचा संवाद म्हटला. मग तोही विसरले. आणि मग मंडळी, आमच्या तात्यांनी काय केलं? आयुष्यभर जे केलं तेच. हळूच मान वळवून विंगेकडे बघितलं. आणि मागच्या बाकावरून दत्तूकाकांनीही आयुष्यभर जे केलं तेच केलं. तोंडाला हात लावून वाक्य सांगितलं!

वाट लागली. न्यायाधीशांनी दत्तूकाकांना बाहेर काढलं. मालकाचा वकील म्हणाला, ही शिकवलेली साक्ष आहे, खोटी आहे. खरं बोलणारा म्हातारा खोटा ठरला. बाहेर व्हरांड्यात तात्या भिंतीला टेकून रडत होते. "बाई, माका माफ करा. माका वाटला, मागे दत्तू आसा, मग कित्याक भियाचा?"

बाई तात्यांना रागावल्या नाहीत. त्यांना चहा पाजला. बोलल्या त्या आम्हाला. "खरं पाठ करावं लागतं का रे? तुम्ही त्याचं खरं काढून घेतलंत आणि हातात संवाद दिलेत. यापुढे माझ्या साक्षीदाराला कुणी एक शब्द शिकवला, तर मी वकीलपत्र काढून घेईन. मीसुद्धा शिकवणार नाही. काय बघितलं ते त्याचं त्याने सांगायचं. मी फक्त भीती घालवणार."

आणि त्या रविवारपासून कॅरमच्या खोलीत कोर्ट भरायला लागलं.

कॅरम बोर्ड भिंतीला उभा. स्टुलावर साक्षीदार, आपले आणि बाईंच्या चेंबूर-दहिसरकडच्या केसेसमधलेही. खुर्चीत बाई, न्यायाधीश म्हणून. आणि मालकाचा वकील? "पक्या, तू," बाई म्हणाल्या. "ओरड. वाकडं विचार. मध्येच तोड. खोटारडा म्हण. तुला जमतंच ते."

माझं काम सुरू झालं यार! ज्या रागापायी माझं कुठेच जमलं नाही, तो इथे दर रविवारी हवा होता. मी ओरडायचो आणि माणसं आधी थरथरायची, मग नुसती घाबरायची, मग चिडायची, आणि एके दिवशी शांतपणे म्हणायची, "मी बघितलं ते सांगितलं, पुढे विचारा." ते वाक्य आलं की बाई टेबलावर थाप मारायच्या.

आपल्या खटल्यात राहिली होती एक साक्ष. सुनंदाची. तात्या गेल्यावर, म्हणजे तात्यांची साक्ष गेल्यावर, सगळी चाळ तिच्या एकटीच्या जिभेवर उभी होती.

आता काय सांगू? तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, लपवून काय करू? ती समोर बायकांत बसलीय आणि मला डोळ्यांनी दटावतेय. बस म्हणतेय. पण आज बाईंसाठी सांगतो. सुनंदा स्टुलावर बसली आणि माझा ओरडा कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, "आपण त्या वेळी... म्हणजे... घरी होता का?" खोलीतली पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, "अरे, उलटतपास घेतोय की मागणी घालतोय?"

बाई हसल्या नाहीत. मला बाहेर नेलं. म्हणाल्या, "तो वकील तिला काय विचारणार आहे ठाऊक आहे? तरुण मुलगी, भर दुपारी, घरात एकटी. खिडकीशी कशाला उभी होतीस? कुणाची वाट बघत होतीस? भर कोर्टात विचारील, तिच्या बापासमोर."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "त्याचे दात पाडीन."

"पाडशील. पण तोवर तिची जीभ गेलेली असेल. आणि चाळही. ती तो प्रश्न एकदा ऐकणारच आहे, पक्या. पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकू दे, की तुझ्याकडून?"

मंडळी, मी आत गेलो आणि विचारलं. जसं तो विचारेल तसंच. शब्दन् शब्द. सुनंदाने कॅरमचा स्ट्रायकर उचलला आणि मला फेकून मारला. ही बघा, भुवईवर खूण आहे. रडत निघून गेली. ती दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हती आणि मी दोन दिवस जेवलो नाही. बाईंना म्हटलं, "मी सोडतो हे." बाई म्हणाल्या, "कॉलेज सोडलंस, नोकऱ्या सोडल्यास. हे सोडू देणार नाही. रविवारी ये."

रविवारी मी गेलो. सुनंदा आधीच स्टुलावर बसली होती. म्हणाली, "विचार पुन्हा." मी विचारलं. ती पुन्हा रडली, पण उठली नाही. "परत विचार." मी विचारत राहिलो, ती बसून राहिली. बाईंनी तिला उत्तर सांगितलं नाही. आम्ही कुणीच सांगितलं नाही. तिचं तिला सापडेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

आणि कोर्टात तो प्रश्न आला. अगदी तसाच आला. सुनंदाचे वडील बाकावर मान खाली घालून बसले होते. मी मागे मुठी आवळून उभा. सुनंदा त्या वकिलाकडे न बघता न्यायाधीशांकडे बघून म्हणाली, "साहेब, मी अभ्यास करत होते. घणाचा आवाज आला म्हणून खिडकीशी गेले. भिंत पाडताना बघायला मला सोबत कुणाची लागत नव्हती."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि त्या वकिलाला म्हणाले, "हा प्रश्न पुरे. भिंतीबद्दल विचारा."

भिंतीबद्दल त्याच्याकडे विचारायला होतं काय?

मालकाचा दावा फेटाळला गेला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी बाई आमच्याबरोबर चाळीत आल्या आणि पहिल्यांदा तात्यांच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, "तात्या, तुम्ही खरंच बोलला होतात. आज कोर्टानेही मानलं." तात्या काय बोलले मला ऐकू आलं नाही. मी बाहेर नाचत होतो.

आता एक गंमत सांगतो आणि मग संपवतो. निकालानंतर मी धीर केला. सुनंदाला गाठलं आणि मनातलं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कॉलेज का सोडलंस?" मी काहीतरी बोललो. "हे उत्तर झालं का? पुढे काय करणार?" मी म्हटलं, बघू. "बघू म्हणजे काय? घरी विचारलंस?" मी म्हटलं, कुणाच्या घरी, तुझ्या की माझ्या? "दोन्ही घरी. आणि तू पुढच्या ओळीतला, मी मागच्या, म्हणून दोन्ही घरून नाही म्हणाले तर? तेव्हा असाच गुळमुळीत बोलणार आहेस?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही! मी जाऊन बाईंना सांगितलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "तूच तयार केलीस रे तिला. आता भोग." अजून भोगतोय. तारखेवर तारीख चालू आहे.

सुनंदा आता लॉ कॉलेजला जाते. हे मी सांगितलेलं तिला आवडणार नाही, पण सांगतो, कारण माझी छाती फुगते. आपल्या चाळीची मुलगी काळा कोट घालणार आहे.

आणि हा गेला रविवार. बाई जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी कॅरमची खोली उघडायलाच जाणार नव्हतो. पण दारात दहिसरची एक बाई नवऱ्याला घेऊन उभी होती. सुमतीबाई गेल्याचं तिला कळलेलं नव्हतं. तिची बुधवारी तारीख होती. तेवढ्यात मागून सुनंदा आली. तिने कुलूप काढलं, स्टूल मांडलं. बाईंच्या खुर्चीत बसली नाही. खुर्चीशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "प्रकाश, ओरड." मी ओरडलो. रडत रडत ओरडलो. ती दहिसरची बाई मला म्हणाली, "अहो वकीलसाहेब, आधी डोळे पुसा, मग विचारा!" त्या बाई आज आल्यात. बुधवारी पिंजऱ्यात उभ्या राहून बोलून आल्यात. सुमतीबाई, ऐकलंत?

लोक म्हणतात, त्यांनी गरिबांना फुकट वकील दिला. दिला. पण त्यापेक्षा मोठं दिलं. वकील निघून गेला तरी आमच्यापाशी राहील असं काहीतरी दिलं. ह्या चाळीत आता भाडेकरू म्हणून कुणी मान खाली घालत नाही. ह्याचा मला अभिमान आहे. रडूसुद्धा येतं, पण अभिमान जास्त आहे.

आता आपण बाईंसाठी शांत उभे राहू. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. तात्या, तुम्ही बसा. नाही? बरं, उभे राहा. सगळेच उभे राहा. पाय घट्ट रोवून उभे राहा मंडळी. जागा आपली आहे, चौक आपला आहे, इथे उभं राहायला आपल्याला कुणालाही विचारावं लागत नाही. बाई, ते तुमच्यामुळे.

नमस्कार करतो तुम्हाला.