पोट दुखणारी एकोणीस पोरं

मंडळी, ऐका! कीर्तनाच्या आधी इथं तासभर सत्कार चालला. गुणवंत विद्यार्थी! नारळ, शाल, फोटो, पुन्हा फोटो! आमचे पखवाजवाले बुवा तर बसल्या जागी पेंगायला लागले. तेवढ्यात तुमचे सरपंच कानाशी येऊन मला विचारतात, "बुवा, तुम्ही गावोगाव फिरता. आपली शाळा कितवी असेल हो तालुक्यात?"

आता काय करावं या माणसाला! कितवी म्हणे! शाळा म्हणजे काय शर्यतीतला बैल आहे? म्हटलं, आख्यानात सांगतो. तोवर प्रश्न धरून ठेवा – शाळा कितवी, हे ठरवायचं कुणी? फळ्यानं, का शाळेत न आलेल्या लेकरानं?

तर ऐका! हिंगणखोरं म्हणून मुलूख. आठ वाड्या, आठ सरकारी शाळा. आणि शिक्षण खात्याच्या कचेरीत एक फळा – आठही शाळांची नावं क्रमानं लिहिलेली! पहिलं हिरव्या खडूनं, शेवटचं लाल. दरसाल फेब्रुवारीत नलावडे मॅडम एकाच दिवसात आठही शाळा तपासायला यायच्या. चौथीतल्या हजर पोरांना एकेक उतारा वाचायला द्यायच्या. वेळ एक मिनिट! वाचला तर बरोबर, नाही तर फुली. हजर पोरांना बरं का! सगळी गोम तिथंच आहे.

कुसळवाडीच्या शाळेत होते मल्हारी शिंगटे गुरुजी. माणूस वाईट का? छे! छत्तीस वर्षं खडू झिजवला. मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. पण छत्तीस वर्षांत हिरवा खडू काही नशिबी आला नाही. गेल्या साली तर सातवा नंबर! बायको म्हणायची, "जाऊ द्या हो!" पण जातोय कुठला? जेवताना फळा, आंघोळीला फळा, जपाची माळ हातात घेतली तरी डोळ्यांपुढं फळाच!

चौथीत पोरं अकरा. दहा फाडफाड वाचायची. अकरावी तेजस्विनी. वाचन मुंगीच्या चालीनं! अक्षराखाली बोट ठेवणार, ओठ हलवणार, मग कुठं एक शब्द बाहेर. शनिवारी गुरुजींनी तिला बाजूला घेतलं.

"तेजे, मंगळवारी शाळेत येऊ नकोस. तुझं पोट दुखतंय."

"नाय दुखत, गुरुजी."

"मंगळवारी दुखेल!"

अहो, हसता काय? पोरीनं पुढं काय म्हटलं ते ऐका. "गुरुजी, मला आता जोडाक्षरं येत्यात. दाखवू?"

"नंतर, नंतर!" गुरुजींना तक्ता भरायचा होता ना!

मंगळवार उजाडला. मॅडम आल्या. दहाच्या दहा पोरांनी उतारा वाचला. "एक गैरहजर?" "पोट दुखतंय तिचं." मॅडम हसून म्हणाल्या, "गुरुजी, यंदा हिरवा खडू तुमचाच दिसतोय!" गुरुजींची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी. मॅडमचा ड्रायव्हर नवा होता. पुढच्या वाडीची वाट दाखवायला गुरुजी जीपमध्ये बसले.

वाटेत, आठही वाड्यांच्या मधोमध, भैरोबाचं देऊळ. तिथल्या हापशावर पाणी प्यायला जीप थांबली. आणि आतून काय कलकलाट! मॅडम बघतात तर सभामंडपात एकोणीस पोरं! पाठीला दप्तरं, कुणी डबा उघडलाय, कुणी चिंचा चोखतंय. घरी सांगायची सोय नाही, शाळेत जायची बंदी, मग जायचं कुठं? देवाकडं!

"कुठल्या शाळेची रे तुम्ही?"

एकेकानं नाव सांगितलं. आठही शाळा निघाल्या! काय म्हणावं आता? आठ वाड्यांतल्या आठ गुरुजींना वाटत होतं, ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली!

"मग इथं का बसलात?"

एकोणीस तोंडं, एकच उत्तर – "पोट दुखतंय!" आणि तोंडात चिंच!

मॅडमच्या कपाळावर आठी चढली. खांबाजवळच्या तेजस्विनीला त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं, शाळेत येऊ नकोस म्हणून?"

पोरीनं एकवार गुरुजींकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी पोट दाबलं. "कुणी नाय. दुखतंय."

बघा मंडळी! गुरुजींनी फक्त गप्प राहायचं होतं. हिरवा खडू हातातच होता! पण त्यांचा जीव तुटला हो. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत शेवटी या लेकराला शिकवलं काय, तर खोटं बोलायला! आणि तो धडा मात्र तिला एका मिनिटाच्या आत पाठ झाला!

गुरुजी पुढं झाले. "मॅडम, मीच सांगितलं होतं. तेजे, तुझं पोट थांबलं आता. वाच बाळ."

तेजस्विनीनं उतारा हातात घेतला. बोट ठेवलं. 'स्व...च्छ' – स्वच्छ! एक मिनिट गेलं. दोन गेली. पोरांनी चिंचा चोखायच्या थांबवल्या. 'विद्यार्थ्यांनी' या शब्दापाशी पोरगी तीनदा अडली, चौथ्यांदा पार झाली! चार मिनिटांनी शेवटचा शब्द वाचून तिनं मान वर केली, तर गुरुजी उपरण्यानं डोळे पुसत होते.

"नियमानं ही फुली आहे, गुरुजी," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मारा फुली. पण तिनं वाचलं, हे तुम्ही ऐकलंत ना? मी ऐकायला थांबलो नव्हतो."

मॅडमनी तिथंच बैठक मारली. एकोणीसही पोरं तपासली, ज्याच्या त्याच्या शाळेच्या हिशेबात धरली. काही वाचली, काही अडली. फळ्यावर कुसळवाडी आली चौथी. मेपर्यंत वर्गात रोज पहिलं वाचन तेजस्विनीचं. बाकीची दहा पोरं थांबायची, आणि गुरुजीही!

हं, माना डोलावताय! फार छान! गुरुजींना नावं ठेवणं सोपं आहे हो. पण पाहुण्यानं "किती टक्के?" विचारलं की कोणत्या पोराला तुम्ही आत पाणी आणायला पाठवता? आणि सरपंच, तुम्ही शाळेचा नंबर विचारलात. सत्काराच्या यादीत नसलेल्या एका तरी पोराचं नाव सांगता?

शालवाली लेकरं इथं पुढं बसलीत, गोड आहेत. पण बाकीची? मघाशी फोटोत येतात म्हणून तुम्हीच त्यांना मागं हाकललंत, मी बघत होतो! ती तिकडं चपलांजवळ बसलीत. आणा त्यांना पुढं. आणा म्हणतो! पखवाजवाले, हात खाली ठेवा. टाळकरी, थांबा. देवाचं नाव घ्यायचंय, पण ती लेकरं इथं येऊन बसल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.