गढी ओस पाडली कुणी?

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मी प्रश्न विचारणार आणि उत्तर तुम्ही द्यायचं! एखादी जागा ओस पडते, ती वाईट असते म्हणून – की कुणीतरी तिला वाईट म्हटलं म्हणून? बोला! ते मागं दाराशी उभे असलेले पाहुणे, तुम्हीसुद्धा बोला. आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही – कीर्तनाला आलात की चपला राखायला? हसू नका बाकीच्यांनी, तुमच्याकडंही येतोय! दुपारी सरपंचांकडं जेवताना तुमच्या गावची एक गोष्ट कानावर आलीय. पण ती शेवटी.

सांगलीत एक मुलगी, शलाका बुधले. खाली पिठाची गिरणी, वर हिची खोली आणि खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेले चार मित्रमैत्रिणी. काय करायचे? गेम बनवायचे! नाव ठेवलं ‘गढी’. एक टोळी गढीच्या आत, एक बाहेर, हातात बंदूक, आणि पडद्यावर सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसणार. हे बघा, आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या – महाराज, देवळात बंदुका? अहो आजोबा, पुराणातल्या लढाया काय एकमेकांच्या गळ्यात हार घालून झाल्या?

आता नीट ध्यान द्या. या खेळात एकट्याला जागाच नाही! कॉम्प्युटरनं चालवलेला खोटा शत्रू नाही, राजाराणीची गोष्ट नाही. समोरही माणूस आणि शेजारीही माणूस – कुणी लातूरचा, कुणी पनवेलचा, आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसलेला. पाच आत, पाच बाहेर, तेव्हा कुठं गढीचा दरवाजा उघडणार. माणसं नसली की नुसत्या भिंती! शलाकानं यासाठी चांगली नोकरी सोडली होती. लोक आले नाहीत तर त्या खोलीला कुलूप लागणार होतं.

दुसरा माणूस नाशिकचा, मकरंद कोठावळे. गेमचा परीक्षक! नवा गेम आला की हा आधी खेळणार आणि व्हिडिओ करून सांगणार – घ्या, नाहीतर घेऊ नका. शब्दाला वजन केवढं! हा ‘बरा आहे’ म्हणाला की पोरं तुटून पडायची. तोंडदेखलं बोलायचा नाही, कुणाला भ्यायचा नाही. माणूस सच्चा – पण घाई फार! सगळ्यांच्या आधी निकाल माझाच आला पाहिजे!

शलाकानं सगळ्या परीक्षकांना कळवलं, ‘रविवारी संध्याकाळी एकदमच या, सामना खेळू.’ मकरंद म्हणाला, ‘संध्याकाळी? तोवर दुसरा कुणी बोलून मोकळा होईल!’ आणि सकाळीच, हातात चहाचा कप घेऊन, स्वारी एकटीच गढीत शिरली! परीक्षकांना आधी नुसतं हिंडून बघता यावं म्हणून दरवाजा उघडा ठेवलेला होता. काय दिसणार? अंगण रिकामं, बुरूज रिकामा. एका भिंतीवर गोळ्या झाडल्या, तर भिंत काही बोलेना! दुपारी व्हिडिओ आला – ‘मित्रांनो, गढी सुनसान आहे. जीवच नाही तिच्यात. दहापैकी तीन.’

अहो, सनईवाले यायच्या आधी मांडवात डोकावायचं आणि गावभर सांगायचं – लग्न काही रंगलं नाही!

पण मंडळी, खरा घोटाळा पुढं आहे. पुस्तकाला वाईट म्हटलं तर पुस्तक तसंच राहतं, अक्षरं काही उठून जात नाहीत. पण ज्याचा जीवच माणसं, त्याला सुनसान म्हटलं की माणसं येत नाहीत – आणि ते खरंच सुनसान होतं! मग बोलणारा मोकळा, ‘बघा, मी सांगितलं नव्हतं?’

शलाकानं फोन लावला. रडली नाही की भांडली नाही.

‘सर, तुम्ही कुणाबरोबर खेळलात?’

‘एकटाच. परीक्षकानं कुणाच्या नादी लागायचं नसतं.’

‘गुण वाढवा असं नाही म्हणत मी. वाईट असेल तर वाईट म्हणा. पण एक सामना खेळून म्हणा.’

‘येईन. पण माझं मत बदलत नसतं!’

दुसऱ्या दिवशी खेळ सगळ्यांना खुला झाला. मकरंद गेला, पण नाव बदलून. काय नाव घेतलं? ‘पाहुणा’! दरवाज्याबाहेर त्याला धरून नऊ जण जमलेले आणि दहावा काही येईना. तेवढ्यात कानात लातूरच्या पोराचा आवाज आला, ‘कशाला थांबलाव रे? कोठावळे सर म्हणलेत, सुनसान हाय. चला, निघू!’ दुसरा म्हणाला, ‘मीपण बघितला तो व्हिडिओ. निघतो मी.’

मकरंदला आपलेच शब्द परक्याच्या तोंडून ऐकायला मिळाले! डोळ्यांदेखत गढी ओस पडत होती आणि पाडणारा तोच होता! गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? ‘पाहुणा’ कोण, कुणाला ठाऊक! पण इथं त्याचा सच्चेपणा जागा झाला.

‘थांबा!’ तो ओरडला. ‘मीच कोठावळे. मी हा खेळ खेळलोच नव्हतो! एकटा हिंडून आलो आणि बोललो. चुकलं माझं. जाऊ नका, दहावा माणूस मी आणतो!’

आणि उठला तो थेट स्वयंपाकघरात! आई गवार मोडत बसलेली.

‘आई, ऊठ, गढीत चल!’

‘कुठल्या गढीत? आणि गवार कोण मोडणार?’

‘गवार राहू दे!’

माउलीला जुन्या लॅपटॉपपुढं बसवलं, कानाला हेडफोन लावला. बंदूक काही तिला जमेना, निम्म्या गोळ्या आभाळात! पण बाई गढीच्या दारात ठाण मांडून उभी राहिली आणि लागली ओरडायला – ‘मक्या, मागं बघ! जिन्यात कुणीतरी लपलंय! आणि लातूरच्या बाळा, तू असा एकटा का पडलास? इकडं ये!’ सगळे खो खो हसायला लागले. कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं ‘आई, इकडं बघा, आई, तिकडं बघा’ करत लढली. जिंकली का? छे, आईची टोळी सपाटून हरली! आणि हरल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच – अजून एकदा!

मकरंदनं पुन्हा व्हिडिओ केला. खोटं कौतुक केलं? मुळीच नाही! बंदूक जड चालते म्हणाला, एक जिना चुकीच्या जागी आहे म्हणाला, गुणही सातच दिले. पण पहिलं वाक्य काय होतं? ‘परवा मी खेळाला नाही, माझ्या एकटेपणाला गुण दिले होते. आज या, मी दरवाज्यात उभा आहे.’ आणि आले लोक! गिरणीवरच्या खोलीला कुलूप लागलं नाही.

आता तुमची गोष्ट! सरपंच म्हणाले, महाराज, गावची शाळा बंद व्हायला आलीय. मी म्हटलं, का? म्हणाले, ‘शाळेत पोरंच नाहीत, म्हणून कुणी पोरं घालत नाही.’ वा रे वा! गाड्या भरभरून लेकरं तालुक्याला धाडता आणि निकाल देता – आपली शाळा सुनसान आहे! शेवटचं आत कधी गेला होता? गुरुजी शिकवताना कधी ऐकलंत? उणं असेल तर काढा, गुरुजींना जाब विचारा – पण वर्गात बसून विचारा! जी गोष्ट माणसांवरच जगते, तिला लांबून नावं ठेवाल तर ती तुमच्याच हातून मरेल.

उद्या सकाळी शाळेची घंटा होईल. मी येणार आहे, मागच्या बाकावर बसणार आहे. आपलं लेकरू हाताशी धरून कोण येणार? हात वर करा!

मृदंगबुवा, थांबा, थाप नको. हा गजर मला एकट्याला करता येत नाही. मी उभा आहे, मला घाई नाही.

अरे वा – दाराशी हात वर आला! चपला राखणारे पाहुणे, या, पुढं या, इथं माझ्याजवळ बसा. आता सांगा, दुसरा हात कुणाचा?