आधी माणूस उभा कर

हॅलो?… हॅलो, वहिनी? बोल ना… नाही, कामात म्हणजे ऑफिसात आहे, पण बोल… सगळं ठीक ना? आई बरी आहे? खारू?… शाळेत. हं… भरदुपारी तुझा फोन बघितला आणि धस्स झालं गं. सवयच लागलीय आता… थांब, जिन्यात येते. इथे कॉफीचं मशीन जात्यासारखं घरघरतंय.

हं, बोल आता… काय उतरवून घेतलंस?… आम्ही वापरतो तेच? गेम बनवायचं सॉफ्टवेअर? तू?… नाही गं, हसत नाहीये. म्हणजे हसले, पण कौतुकाने. आमच्याकडे पोरं कोर्स करकरून येतात, आणि तू चष्म्याच्या दुकानातून सुट्टी काढून घरबसल्या… हो, हो, मान्य. दिवसभर काचा घासतेस, बारीक कामाची सवय आहे तुला… उलट बरंच झालं. डोकं कशात तरी गुंतेल.

आणि बनवतेयस काय? बाग? परवा खारूला मी आमच्या गेममधलं जंगल दाखवलं ना, तेव्हापासून ती माझ्या मागे…

…कुठली खोली?

…दादाची? जहाजावरची?

…नाही, आहे. ऐकतेय. बोल तू.

हं… हं… पडद्यापासून सुरुवात केलीस. का?… कारण तो तुला लख्ख आठवतो. बरोबर आहे… अगं ऐक ना. सगळे नवशिके हेच करतात. मीसुद्धा केलंय. जे आवडतं ते आधी करायला घ्यायचं, मग आठवडाभर एकच पडदा रंगवत बसायचं, आणि खोली काही उभी राहत नाही. तो पडदा बाजूला ठेव… पुसू नकोस, नुसता बाजूला ठेव. आधी राखाडी ठोकळे मांड. हा पलंग, हे टेबल, हे कपाट. रंग नाही, नक्षी नाही. त्या ठोकळ्यांमधून फिरून बघायचं, खोली अंगाला बसते का. बसली की मग सजवायचं.

…माप? त्याची एक युक्ती आहे. आधी माणूस उभा कर. रिकाम्या जागेत, मधोमध. डावीकडे बघ, तयार पुतळा मिळतो. पांढरा… तोच. त्याला दादाएवढा कर. मग दार त्याच्या डोक्यावर किती, पलंग गुडघ्याला लागतो की मांडीला, हे सगळं आपोआप कळत जातं.

…उंची? मला आकड्यात नाही माहीत गं. तुला?… हो. हो, ते आठवतं. ओट्यावरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं की त्याच्या कपाळाला लागायचं. दर सुट्टीत एकदा तरी ठरलेलं. आणि ओरडायचा मात्र आपल्यावर… मग तेच मोज. जमिनीपासून त्या दाराच्या खालच्या कडेपर्यंत, आणि वर चार बोटं सोड… हो, आत्ता. जा, टेप घेऊन जा. मी थांबते.

…मोजलंस?

…वहिनी?

…रड. रड गं. इथे जिन्यात कोणी नाहीये, मला काही घाई नाही.

…हो, आपण दोघीही 'लागायचं' म्हणालो. आईसमोर म्हणता येत नाही ना. काल मी चुकून म्हणाले, दादाला कारलं आवडत नव्हतं, तर फोनवरच मला थांबवलं. म्हणाली, 'नव्हतं' नको म्हणूस. आवडत नाही म्हण. सापडला नाही म्हणजे आहे… काय बोलणार तिला? आपल्याच घरात तोंड उघडायच्या आधी व्याकरण तपासावं लागतं.

बरं. पुतळा झाला तेवढा?… पाठमोरा करून ठेव. त्याला चेहरा नसतो. तू बघत बसशील.

आता भिंती. व्हिडिओ कॉलवर काय काय दिसायचं तुला?… त्याच्या मागची एकच भिंत. पलंगाचा कोपरा, पडदा, खुंटीवर नारिंगी जॅकेट… आणि समोरची बाजू?… खरंच की, तिकडेच तर फोन टेकवलेला असायचा… आमच्यात म्हणतात, कॅमेऱ्याला दिसत नाही ते बांधू नका. नाटकाच्या सेटसारखं. मागे नुसत्या फळ्या असल्या तरी कोण बघतंय… हो, पटलं. खारू आत शिरली की पहिल्यांदा मागेच वळणार. तिला कुठे सांगत बसणार, की बाई, इकडे काही नाहीये.

…कोणाला विचारलंस?

…जहाजावरचा स्वयंपाकी? दादाची बॅग घेऊन आला होता तो? सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता, पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने… त्याला फोन केलास तू. धीराची आहेस बाई. मी तर त्याचा नंबर नुसता घेऊन ठेवलाय… काय काय सांगितलं?… टेबलाला कडेने उंच पट्टी असते. हां, जहाज हललं की कप घसरू नये म्हणून… खुर्चीला साखळी. छान. वहिनी, हे असंच पाहिजे. असल्या गोष्टींनीच खोली खरी वाटते. तिथल्या तयार खुर्च्या-टेबलं नवीकोरी असतात, दुकानात मांडल्यासारखी. ती तशीच ठेवलीस तर तिथे कोणी राहत होतं असं वाटणारच नाही. टॉवेल टाक पलंगावर. एखादा खण अर्धवट उघडा ठेव… हो ना, त्याने आयुष्यात कधी खण पूर्ण बंद केला नाही. मग सगळेच उघडे ठेव.

आणि? अजून काय म्हणाला?

…कपाटाच्या दारावर? कसल्या रेघा?

…थांब. परत सांग.

…खारूच्या उंचीच्या. तू फोनवर सांगायचीस, एवढी झाली, तेवढी झाली, आणि तो तिकडे कपाटाच्या दारावर पेन्सिलने… आणि ड्यूटी संपवून आला की त्या दारासमोर उकिडवा बसायचा. रेघेच्या समोर तोंड करून… असं स्वयंपाक्याने बघितलं?

…आपल्याला कधी बोलला नाही.

…ठीक आहे मी. एक मिनिट दे फक्त.

…नाही, आमचा टीम लीड डोकावून गेला. मी हात केला तशी गेला तो. समजूतदार आहे.

रेघा, हं… दारावर रंगवू नकोस. वेगळं चित्र काढ, मागची बाजू पारदर्शक ठेव, आणि ते दारावर चिकटव. स्टिकर लावतो तसं. म्हणजे वर-खाली सरकवता येतं… आणि एकसारख्या नको काढूस. हात थकलेला, खाली जमीन हलतेय. एखादी वाकडी जाऊ दे. पट्टीने मारल्यासारख्या झाल्या तर त्या दादाच्या वाटणार नाहीत… सेव्ह कर बघू आधी. दर वेळी नवीन नावाने कर. काही बिघडलं तर मागे जाता येतं.

…दवाखान्यासारखं दिसतंय? ते मला न बघता सांगता आलं असतं. नवीन फाइल उघडली की चहूबाजूंनी सारखा उजेड असतो. तो पूर्ण विझव… हो, काळोख होऊ दे. घाबरू नकोस, काही गेलं नाहीये. आता एकच दिवा लाव, खिडकीतून येणारा. एकच हं. त्याचा फोन यायचा तेव्हा तिकडे काय वेळ असायची?… सकाळ. कोवळी. मग दिवा खाली घे. आडवा उजेड आला पाहिजे, म्हणजे सावल्या लांब पडतात… पडली? कशाची?

…पुतळ्याची. हं… कपाटाच्या दारापर्यंत जाते?

…असू दे. काढू नकोस.

वहिनी, एक विचारू? राग मानू नकोस… हे दाखवून खारूला सांगणार काय आहेस तू? आईने सगळ्यांना तंबी देऊन ठेवलीय. जहाज लांब गेलंय, एवढंच म्हणायचं, पोर मोठी होईस्तोवर. ती बिचारी भेटेल त्याला सांगत असते, माझा बाबा जहाजाचं इंजिन चालवतो. आता तू तिला त्याची खोली दाखवलीस, उघडे खण, टॉवेल, सकाळचं ऊन… तिला वाटणार, बाबा आत्ता बाहेर गेलाय, येईल. दाराकडे बघत बसेल गं ती. आई काय कमी आहे दाराकडे बघत बसायला, आता आणखी…

…हं.

…हं.

…म्हणजे तू तिथेच सांगणार आहेस. खोलीत नेऊन. बाबा इथे झोपायचा, इथून तुझ्याशी बोलायचा, या दारावर तुझी उंची लिहायचा. मग वादळ आलं, डेकवरचं काहीतरी सुटलं, ते बांधायला दोघं बाहेर गेले आणि एकजण परत आला… सगळं? तो कंपनीचा माणूस आपल्याला म्हणाला ते सगळं? जहाज वळवून दिवसभर तिथेच घिरट्या घालत होते, तेसुद्धा?… त्या वयाला झेपेल का गं?

…नाही. बरोबर आहे. घरात सांगायला गेलीस की सुरुवातच होत नाही. तिथे निदान हात करून दाखवता येईल, हे बघ, इथे होता… मी काय समजले होते माहितीये? मला वाटलं, तू त्याला परत आणायला बघतेयस. आईसारखं. आणि तू तर…

कर. कर तू. मी रविवारी येते, आपण दोघी मिळून खोली पुरी करू. आईशी मी बोलेन. ओरडेल, रडेल, ते माझ्यावर सोड.

…कसला आवाज?… शाळेची व्हॅन? आज इतक्या लवकर?… मग मिट ना लॅपटॉप… काय झालं?… बघितलं तिने? काय म्हणतेय?… दे. माझ्याकडे दे तिला.

हॅलो, खारूताई… हो, आत्याच. दप्तर पाठीवरच आहे ना अजून? आधी काढ… शाब्बास. काय बघितलंस आईच्या लॅपटॉपवर?… बाबाची खोली. ओळखलीस? कशावरून?… पडद्यावरून. बघ, आणि मी शहाणी तुझ्या आईला म्हणत होते, पडदा नंतर कर.

…खिडकीतून? हो, बाहेर नुसतं राखाडी आहे, कारण आईने बाहेरचं अजून केलंच नाहीये… समुद्र? तू करणार? कर की. सगळ्यात सोपा असतो तो… खरंच. एक मोठ्ठं सपाट पान टाकायचं पाण्याचं, चादर अंथरतो तसं. मग त्याला म्हणायचं, हल. की लाटा येतात. झाला समुद्र… खाली? खाली काही नसतं, राणी. पाण्याच्या खालचं आम्ही करतच नाही. तिथे कोणी जात नाही ना, म्हणून…

…खारू?

…काय म्हणालीस? जरा मोठ्याने बोल.

…बाबा खाली गेला, असं कोण म्हणालं तुला?

…व्हॅनमधली ताई. कधी?… थंडीत. स्वेटर घालायचीस तेव्हा. आणि तू आईला का नाही विचारलंस, बाळा?

…आईचे डोळे लाल होतात म्हणून.

…तळ? समुद्राला खाली तळ केला तर… बाबा त्याच्यावर उभा राहील.

खारू, आई कुठेय?… शेजारीच ना. फोन स्पीकरवर आहे?… वहिनी, ऐकतेयस? तू सांगतेस?… वहिनी?… बरं. बरं, मी सांगते. तू फक्त तिला धरून बस.

खारू, नीट ऐक हं. तळ केला तरी बाबा उभा राहणार नाही. व्हॅनमधली ताई खरं बोलली. खूप मोठं वादळ होतं, बाबा काम करायला बाहेर गेला, आणि लाटेने त्याला नेलं. सगळ्यांनी खूप शोधलं. तो सापडला नाही. तो मेला, बाळा. तो आता घरी येणार नाही.

…नाही. सुट्टीतपण नाही.

…नाही गं, तुझ्यावर रागावून कशाला जाईल? त्याला यायचंच होतं.

…ते मला सांगता येत नाही, राणी. लागलं असेल. थंडी वाजली असेल. मला खरंच माहीत नाही.

…हो, रडलं तर चालतं. आईचे डोळे लाल झाले तरी चालतं. आजीसमोरसुद्धा चालतं.

…काय?… करायचा ना. समुद्र करायचाच आहे आपल्याला… त्या दिवशीचा?

…त्या दिवशी कोणत्या रंगाचा होता, ते मला नाही माहीत. आपल्यापैकी कोणीच नव्हतं ना तिथे.

…बरं. निळा नको. निळा नाही द्यायचा.

…वहिनी… हो. ऐकू येतंय मला… नको, माझ्याशी नको बोलूस आत्ता. तिला घे. जवळ घे… रविवार कशाला, मी निघालेच. ठेव तू फोन… ठेव गं.