नसलेला चष्मा

(राहुरीतला डोळ्यांचा दवाखाना. तपासणीच्या खुर्चीत मोनिका, शेजारी तिची सासू गोजरबाई.)

डॉक्टर : परत विचारतो मोनिकाताई, डोळ्यांचं कसलंच ऑपरेशन झालेलं नाही ना?

मोनिका : नाही सर. मघाशीच सांगितलं.

गोजरबाई : काय निघालं सायेब?

डॉक्टर : तेच तर कळत नाही. डोळ्याचं प्रेशर चौदा, म्हणजे चांगलं. पण आतली नस खराब व्हायला लागलीय. वडिलांना काचबिंदू होता म्हणालात?

मोनिका : हो. शेवटी शेवटी ते मला आवाजावरूनच ओळखायचे.

डॉक्टर : म्हणूनच खोदून विचारतोय. चष्मा घालवायला लेझर केलं की बुबुळावरचा पडदा पातळ होतो. मग आमचं मशीन प्रेशर कमी दाखवतं. इथं चौदा दिसेल, खरं वीस-बावीस असेल. मी सगळं ठीक म्हणून घरी पाठवीन आणि तुमची नजर जात राहील.

मोनिका : ...नाही सर. लेझर नाही.

गोजरबाई : मोने, माज्याकडं नगं बघू. सायबाकडं बघून बोल.

मोनिका : बोलले की, आत्या.

गोजरबाई : मग मी बोलते. लिवा सायेब, लेझर झालंय हिचं. लग्नाच्या आधी. आठ वर्सं झाली आसतील.

डॉक्टर : दोन्ही डोळे?

मोनिका : दोन्ही. सहा नंबर होता. आत्या, शपथ घेऊन सांगते, तुम्हाला फसवायचं नव्हतं. दोन स्थळं चष्म्यावरून मोडली होती. वडील म्हणाले, आता कुठं बोलायचं नाही.

गोजरबाई : ते गेले बिचारे. त्येंचा शब्द पाळायला तू डोळं घालवतीस व्हय?

डॉक्टर : बरं झालं कळलं. पडद्याची जाडी मोजायला नगरला जावं लागेल, चिठ्ठी देतो. थेंब आजपासूनच सुरू करू. पहिला इथंच टाकतो.

मोनिका : यांना माहितीये, आत्या?

गोजरबाई : माज्या कल्याणला? त्याला काय दिसतंय! मी बी कधी इषय काढला न्हाई.

मोनिका : मग तुम्हाला कुणी सांगितलं?

गोजरबाई : कुणी न्हाई. बघायला आल्तो तवा तू पोहे द्यायला वाकलीस, आन् बोटानं चष्मा वर सारलास. नाकावर चष्मा न्हवताच.

मोनिका : आणि तरी होकार दिलात?

गोजरबाई : लई भ्याली हुतीस गं. लेकरावानी वाटलीस. सायेब, आना ती बाटली हिकडं. मान वर कर मोने, थेंब मी टाकते.