सोंगाचं सामान

वारंगा फाट्यावर जीपची वाट बघताना जिवनबाईचे कान शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरींकडं लागले.

"निलम, तू चोर ना? मंग काळे फासे घे."

"बाहुलीबी काळ्या झग्याची दे, अफशीन. किल्ल्यात घुसताना दिसाया नको."

जिवनबाईनं पिशवी मांडीवर ओढली.

"काय गं पोरींनो, जुगार खेळून राहिल्या का चोरी करून राहिल्या?"

"न्हाई मावशी!" निलम म्हणाली. "हिच्या भावानं पुण्याहून सोंगं घेऊन गोष्ट रचायचा खेळ आणला. जे सोंग घ्यायचं, त्याला शोभंल असं फासे-बाहुलीचं सामान निवडायचं."

"मंग राणी व्हायचं सोडून चोर काहून झाली?"

"राणीला समदे विचारतात, कुठं चालली, कव्हा येणार. चोराला कोणीच विचारत न्हाई."

जीप आली, तरी जिवनबाई उठली नाही.

"या खेळाला किती माणसं लागतात?" तिनं विचारलं.